तत्त्वज्ञान घेऊन पदवी

बारावीचा निकाल लागला म्हणजे वसई-विरारकडील घराघरांतून एक जुनाच संवाद नव्याने सुरू होतो. निर्मळ-आगाशीच्या बाजूचे असे एखादे घर श्रोत्यांनी डोळ्यांसमोर आणावे. घरामागे केळी-नारळीची लहानशी वाडी, वाडीत दगडी बांधणीची जुनी विहीर, वडील मुंबईच्या कचेरीत नोकरीस, आजोबा वाडीत. मुलीला गुण बरे पडले आहेत. वाणिज्य, संगणक, औषधनिर्माण अशा सर्व वाटा मोकळ्या असताना ती म्हणते, "बाबा, मला तत्त्वज्ञान घेऊन बी. ए. करावयाचे आहे." वडील हातातला पेला खाली ठेवतात आणि विचारतात, "अगं, पण त्याचे पुढे काय?"

या घरात गेल्या उन्हाळ्यापासून दुसराही एक वाद चालू आहे. नव्या इमारतींना पाणी पुरविणारा एक टँकरवाला विहिरीचे पाणी विकत मागतो आहे. वडिलांचे म्हणणे असे की विहीर आपली, जमीन आपली, पाणी का विकू नये? आजोबा म्हणतात, "विहीर आपली, झरा आपला नव्हे." मुलीने दोघांचेही बोलणे ऐकले आहे. दोघेही तिला खरे वाटतात, आणि दोघेही एकाच वेळी खरे कसे असतील, हे तिला उमगत नाही. तत्त्वज्ञानाची ओढ तिला कोणत्याही पुस्तकावरून लागलेली नाही. ती या विहिरीवरून लागलेली आहे.

वडिलांचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. विद्वान मंडळी अशा प्रश्नाची थट्टा करतात. पण ज्याला घराचा हप्ता, शिक्षणाचे शुल्क आणि आगगाडीचा पास एकाच पगारातून भागवावयाचा असतो, त्याने मुलीच्या तीन वर्षांचा हिशेब मागितला तर त्यात हलकेपणा तो कसला? २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर तर ही वर्षे तीनांची चारही होऊ शकतात. तेव्हा उत्तर द्यावयाचे ते सरळ द्यावे, आणि याच किनाऱ्यावरील एका माणसापासून द्यावे.

केळव्याजवळच्या माहीम गावी २० एप्रिल १८९६ रोजी शंकर वामन दांडेकर यांचा जन्म झाला. तेव्हा हा मुलूख ठाणे जिल्ह्यात मोडत असे. पालघर हा वेगळा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. लोक त्यांना सोनोपंत म्हणत, पुढे मामासाहेब म्हणू लागले. ते पुण्यास शिकले, तत्त्वज्ञान हा विषय घेऊन एम. ए. झाले आणि सर परशुरामभाऊ महाविद्यालयात त्याच विषयाचे प्राध्यापक व पुढे प्राचार्य झाले. महाविद्यालयात ग्रीक व युरोपीय तत्त्ववेत्ते शिकवावयाचे, आणि एरवी विष्णुबुवा जोगांचे शिष्य म्हणून खांद्यावर पताका घेऊन पंढरीची वाट चालावयाची, असा त्यांचा क्रम होता. 'ज्ञानदेव आणि प्लेटो' हे त्यांच्या एका ग्रंथाचे नावच त्यांच्या आयुष्याचे वर्णन ठरावे. १९५३ साली निघालेली त्यांची सार्थ ज्ञानेश्वरी आजही असंख्य घरांत वाचली जाते. वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांना संपादक महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवीत असत याची कल्पना नसते. ९ जुलै १९६८ रोजी ते निवर्तले. पालघरचे महाविद्यालय त्यांचेच नाव चालविते. त्या फाटकातून रोज आतबाहेर करणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांनी हे नाव कोणाचे म्हणून विचारले असेल, देव जाणे.

यावर वडील म्हणतील, की तत्त्वज्ञान शिकून मनुष्य टाळकरी होतो तर मुलीने ते आजोबांपाशीच शिकावे, शुल्क वाचेल. म्हणून दुसरे उदाहरण लगेच पुढे ठेवणे बरे. कऱ्हाडजवळच्या टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर १८७८ साली डेक्कन कॉलेजातून बी. ए. झाले आणि तत्त्वज्ञानाचा अभ्यास करून १८८० मध्ये एम. ए. झाले. मिल्ल आणि स्पेन्सर यांचे ग्रंथ त्यांनी पचविले. त्यांनी काय केले? देवाच्या अस्तित्वाविषयीच शंका घेतली, रूढींना कारणे विचारली, आणि १८८८ साली 'सुधारक' काढून ती कारणे सर्व महाराष्ट्राला विचारावयास लावली. एकच विषय, त्यातून एक जण विठ्ठलापाशी पोचला, दुसरा देवळाबाहेरच थांबला.

आता ही गोष्ट विषयाच्या बाजूची की विरुद्धची? हिशेबनीस दोन असले तरी बेरीज एकच यावी. ज्या शास्त्रात दोन उत्तम विद्यार्थ्यांची उत्तरे इतकी निराळी येतात, ते शास्त्र कसले, असे कोणीही म्हणेल. आणि हा आक्षेप आजचा नाही, तो सॉक्रेटिसाच्या वेळेपासूनचा आहे. परंतु या दोघांच्या उत्तरांहून त्यांची रीत पाहावी. 'वडील सांगत आले म्हणून' एवढ्यावर दोघांपैकी एकही थांबला नाही. आगरकरांचे हे सर्वांस दिसते. दांडेकरांचे सहसा दिसत नाही. पण ज्ञानदेवांना प्लेटोच्या शेजारी बसविणे म्हणजे दोघांनाही एकाच तराजूत घालणे होय. जो निव्वळ भाविक असतो, तो आपले दैवत तराजूत घालीत नाही. ज्याला भीती असते, तोही नाही. दांडेकरांनी घातले आणि मग नमस्कार केला. त्या नमस्कारात आणि न तपासता केलेल्या नमस्कारात जो फरक आहे, तेवढाच हा विषय शिकवितो. तो फरक बाहेरून दिसत नाही, म्हणून त्याचे गुणपत्रक देता येत नाही, ही या विषयाची खरी अडचण आहे.

दोघांनीही पैसा मिळविला नाही, हेही वडिलांपासून लपवू नये. एम. ए. होण्याच्या सुमारास आगरकरांनी आईला पत्र लिहून कळविले होते, की मुलगा मोठ्या परीक्षा देतो आहे म्हणजे आता मोठ्या पगाराची जागा मिळेल अशी आशा तिने धरू नये. ते पत्र महाराष्ट्रात गौरवाने सांगितले जाते. ते पोचल्यावर टेंभूच्या त्या माउलीला काय वाटले असेल, याची चौकशी मात्र फारशी कोणी करीत नाही.

खुद्द वसईत एक मौज पाहावयास मिळते. येथील ख्रिस्ती घरांतला एखादा मुलगा धर्मगुरू व्हावयास निघाला, म्हणजे त्याला ईश्वरविद्येच्या आधी तत्त्वज्ञान शिकावे लागते. कॅथलिक धर्मसंहितेप्रमाणे निदान दोन पूर्ण वर्षे तत्त्वज्ञानाला आणि चार वर्षे ईश्वरविद्येला द्यावी लागतात. त्यासाठी गोरेगावची सेमिनरी आहे. १९५५ साली सिलोनमधील कँडीहून पुण्यास आलेली संस्था आहे, जी पुढे ज्ञानदीप विद्यापीठ म्हणून ओळखली जाऊ लागली. ॲरिस्टॉटल आणि थॉमस अक्वायनस वाचल्यावाचून वसईच्या वेदीवर कोणी उभा राहत नाही. त्या मुलाच्या घरी 'याचे पुढे काय' असे कोणी विचारीत नाही, कारण पुढे काय ते ठरलेले असते. म्हणजे हा विषय या मातीला परका नाही. शेजारच्या मुलाने झगा घालण्यासाठी दोन वर्षे तत्त्वज्ञान शिकावे हे ज्या गावाला रास्त वाटते, त्याच गावाला आपल्या मुलीने झग्यावाचून ते शिकणे उधळपट्टी वाटते.

तर मग वर्गात शिकवितात तरी काय? सामान्यतः चार गोष्टी: तर्कशास्त्र, नीतिशास्त्र, भारतीय दर्शने आणि पाश्चात्य तत्त्वज्ञानाचा इतिहास. विद्यार्थी कंटाळतात ते तर्कशास्त्राला, आणि पुढे आयुष्यभर उपयोगी पडते तेही तेच. आपल्या नैयायिकांचे ठरीव उदाहरण आहे: पर्वतावर अग्नी आहे, कारण तेथे धूर आहे, जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघर, तसाच धूर या पर्वतावर आहे, म्हणून पर्वतावर अग्नी आहे. पाठ करणाऱ्यास यात काहीच वाटत नाही. पण श्रावणातल्या एखाद्या सकाळी तुंगारेश्वराच्या डोंगराकडे पाहावे. डोंगरावरून पांढरे लोट उठताना दिसतात. तो धूर आहे की धुके? धुके असेल तर अनुमानाचा पायाच ढासळला. असा हेतू असिद्ध, असे शास्त्रकार म्हणतात. आणि उलट बाजूने, जेथे अग्नी तेथे धूर असतोच, असे तरी म्हणता येईल काय? लोहाराच्या भट्टीतला लाल तापलेला लोखंडी गोळा पाहावा. त्यात अग्नी आहे, धूर नाही. धुरावरून अग्नीकडे जाता येते, अग्नीवरून धुराकडे जाता येत नाही.

हे हजार-पंधराशे वर्षांपूर्वीचे झाले, असे म्हणणाऱ्याने वसई रोड स्थानकाबाहेर पडताना शिकवणी-वर्गांचे फलक वाचावेत. अमुक वर्गाच्या इतक्या मुलांना नव्वद टक्क्यांवर गुण, आणि खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. जे यशस्वी झाले ते या वर्गात होते, एवढेच त्या फलकाने सांगितले. या वर्गात जे होते ते यशस्वी झाले, हे त्याने सांगितलेले नाही. नापास झालेल्यांचे चेहरे फलकावर नसतात. पालक तेथे उभे राहून अग्नीवरून धुराकडे जातात आणि वर्षाचे शुल्क आगाऊ भरून येतात.

आता त्या विहिरीकडे वळावे, कारण नीतिशास्त्राचा अर्धा अभ्यासक्रम त्या विहिरीत आहे. वडिलांच्या बाजूने कायदा उभा आहे. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने जमिनीच्या मालकाला आपल्या जमिनीखालचे, ठरावीक प्रवाहात न वाहणारे पाणी आपल्या हद्दीत गोळा करण्याचा व त्याची विल्हेवाट लावण्याचा हक्क मान्य केला. पुढे २००९ साली महाराष्ट्राने भूजलाच्या उपशावर नियंत्रण ठेवणारा कायदा केला, हे खरे. तथापि 'माझ्या जमिनीतले ते माझे' ही समजूत लोकांच्या मनातून गेलेली नाही. तिच्या मागे एक तत्त्ववेत्ताही आहे. इंग्रज तत्त्ववेत्ता लॉक याच्या १६८९ साली निघालेल्या ग्रंथात असा विचार आहे, की जे सर्वांचे आहे त्यात मनुष्याने आपले श्रम मिसळले म्हणजे ते त्याचे होते. पणजोबांनी विहीर खणली, त्यांचा घाम त्यात मिसळला. पाणी घराण्याचे झाले.

परंतु लॉक येथे थांबत नाही. तो अट घालतो, की इतरांसाठी पुरेसे आणि तितकेच चांगले मागे उरले पाहिजे. आणि दाखला देतो तो नेमका पाण्याचाच. नदीतून एकाने पोटभर पाणी प्याले तर दुसऱ्याचे काही जात नाही, कारण सारी नदी त्याच्यासाठी तशीच वाहत असते. वसईची विहीर नदीसारखी आहे काय? येथे समुद्र जवळ. जमिनीखाली गोडे पाणी हलके म्हणून वर आणि खारे जड म्हणून खाली, असे एकावर एक राहते. शास्त्रज्ञांच्या हिशेबाप्रमाणे, आदर्श स्थितीत, गोड्या पाण्याची पातळी एक हात खाली गेली तर खालचे खारे पाणी सुमारे चाळीस हात वर चढते. एकाने पंप लावला तर शेजाऱ्याच्या केळी करपतात, आणि मधले कुंपण पाण्याला अडवीत नाही. १९९० च्या सुमारास फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने जे आंदोलन केले, त्यात पाणी, झाडे व बेसुमार बांधकाम हाच वादाचा गाभा होता. मोर्चात चालणाऱ्या बागायतदारांनी लॉक वाचलेला नव्हता. त्याची अट मात्र त्यांच्या मुखी होती.

येथे आजोबा जिंकले असे वाटेल. इतक्यात जॉन स्टुअर्ट मिल्ल विचारतो, की टँकरची वाट पाहत चौथ्या मजल्यावर रिकामे पिंप घेऊन बसलेल्या बाईच्या तहानेचे काय? ती नालासोपाऱ्यास राहावयास आली ती काही हौसेने नव्हे. मुंबईत खोली परवडेना म्हणून आली. अधिकांचे अधिक सुख मोजावयाचे तर तिच्या मुलांची अंघोळ आणि शेजाऱ्याची केळ यांत कोणाचे पारडे जड? बागायतदारांच्या बाजूने बोलणारे पुष्कळदा या बाईला हिशेबातच धरीत नाहीत, हे सांगितलेच पाहिजे. मग जर्मन तत्त्ववेत्ता कांट उठतो आणि म्हणतो, की जे तू करणार ते सर्वांनी केले तर चालेल काय, एवढे पाहा. सर्व विहिरीवाल्यांनी पाणी विकले तर चार वर्षांनी विकावयास पाणीच उरणार नाही. आणि कोणीच दिले नाही तर बाईचे पिंप रिकामेच राहील. मुलीच्या मनातला गोंधळ हा असा होता. वर्गात बसून तो मिटेल असे वचन कोणी देऊ नये. त्याचे धागे मात्र वेगळे होतील: यात कायद्याचा प्रश्न कोणता, भूगर्भाचा कोणता, आणि हे दोन्ही सुटल्यावरही उरतो तो न्यायाचा कोणता. नगरपालिकेच्या सभेत, न्यायालयात किंवा घरच्या ओटीवर हे तीन प्रश्न एकमेकांत मिसळूनच बहुतेक भांडणे होतात.

अभ्यासाची वाट मात्र खडतर आहे, आणि ती काहीशी नाहक खडतर करून ठेवलेली आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीपुढे कांट प्रथम येतो तो इंग्रजीतून. मूळचे जर्मन वाक्यच एवढे लांब, की इंग्रजीत येईतो त्याला धाप लागते. मराठीत साधने नाहीत असे नाही. १९१६ साली अमळनेरास श्रीमंत प्रताप शेठजींनी तत्त्वज्ञान मंदिर स्थापिले. दे. द. वाडेकर यांच्या संपादनाखाली मराठी तत्त्वज्ञान महाकोशाचे तीन खंड १९७४ साली निघाले. दादरच्या कीर्ती महाविद्यालयात शिकविणाऱ्या मे. पुं. रेगे यांनी अवघडात अवघड विषय स्वच्छ मराठीत मांडून दाखविला. अमरावतीस तत्त्वज्ञान शिकविलेल्या दि. य. देशपांडे यांनी १९९० मध्ये 'आजचा सुधारक' हे मासिक काढून आगरकरांचे नाव पुन्हा कामाला लावले. पण विद्यार्थ्याच्या हाती प्रथम पडते ते मार्गदर्शक नावाचे पातळ पुस्तक. त्यात देकार्त व स्पिनोझा यांच्यातील भेदाचे पाच मुद्दे असतात. पाच मुद्दे लिहिले की पाच गुण. अशा रीतीने तत्त्वज्ञानाची पदवी घेणारा विद्यार्थी तीन वर्षे पोहण्याविषयी वाचतो आणि कोरडाच घरी जातो. त्यापेक्षा त्याने हिशेबनिशी शिकावी हे उत्तम. निदान तेथे बेरीज चुकली तर कळते.

पोटाचा प्रश्न राहिला. या पदवीच्या नावाने कोणतीही ठरावीक जागा कोठेही रिकामी ठेवलेली नसते. महाविद्यालयात शिकवावयाचे तर एम. ए. आणि वर पात्रता-परीक्षा. त्यातही या विषयाच्या जागा थोड्या. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत तत्त्वज्ञान हा ऐच्छिक विषय घेता येतो, आणि २०१३ पासून नीतिशास्त्राची एक स्वतंत्र प्रश्नपत्रिका सर्वच उमेदवारांना सोडवावी लागते. कायद्याच्या शिक्षणाला हा पाया चांगला; वृत्तपत्रे, समाजकार्य, संपादन येथेही तो कामी येतो. तरीपण सोबत दुसरे एखादे कसब हवे, भाषेचे असो वा संगणकाचे. दांडेकर-आगरकरांच्या काळी पदवीधर थोडे होते, म्हणून पदवीला स्वतःचे वजन होते. आज ते नाही, हे वडिलांचे म्हणणे मान्य करून मगच मुलीने आपले म्हणणे पुढे रेटावे.

अर्ज भरण्याच्या मुदतीआधीच्या रविवारी त्या घरात पुन्हा बोलणे निघाले असेल. माटुंग्याच्या रुईया महाविद्यालयासारख्या ठिकाणी हा विषय पदवीपर्यंत शिकविला जातो, हे मुलीने शोधून ठेवले आहे. आईची काळजी निराळीच: विरारच्या गाडीत सकाळी चढावयास मिळेल का, आणि संध्याकाळी उतरावयास मिळेल का? वडिलांनी अखेर एक अट घातली: बी. ए. नंतर कायदा करावयाचा. मुलीने ती लगेच मान्य केली नाही. अट का, ते विचारले. वडिलांनी कारण सांगितले, तिने त्यावर दुसरे कारण सांगितले, आणि जेवण थंड झाले.

जेवणानंतर आजोबा ओटीवर आले. टँकरवाला सोमवारी उत्तरासाठी यावयाचा होता. त्यांनी नातीला विचारले, "मग विहिरीचे काय ठरले, बाळ?"

"अजून ठरले नाही, आजोबा. शेजारच्या काकांच्या विहिरीचे पाणी यंदा खारट लागते का, ते आधी पाहून येते."

ती तांब्या घेऊन कुंपणाकडे निघाली, आणि तिच्या मागोमाग वडीलही चपला घालून निघाले.